धास्ती की धसका?

मानसशास्त्रावरचं एक टिपण मराठीत करते आहे. गाडी ‘साहचर्यजन्य भय-स्मृती’पाशी अडली. एखाद्या आवाजाला, वासाला भीती चिकटते आणि पुढे तो आवाज नुसता कानावर आला तरी छातीत धस्स होतं. याला बोलीत काय म्हणाल? मला ‘धास्ती’ सुचतो.

प्रतिसाद १
ताई, धास्ती नको. ती पुढच्याची असते: निकालाची, ऑपरेशनची. तुम्हाला हवा तो ‘धसका’.

माझी आत्या १२ जुलै १९६१ला, पानशेत धरण फुटलं तेव्हा, आठ वर्षांची होती. घर पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. ‘पळा, धरण फुटलं’ ही ओरड ऐकतच सगळे पर्वतीकडे धावले. आता ती कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. तरी गल्लीत एकदम आरडाओरडा झाला की आधी कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवायला लावते, मग खिडकीतून बघते. ओल्या गाळाच्या वासानंही तिचे हात गार पडतात.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. आवाजाचा आणि इजेचा संदेश तिथल्या त्याच पेशींवर एकदमच येऊन पडले, की आवाजाकडून येणारी जोडणी बळकट होते. मग आवाज एकटा आला तरी पुरतो. ‘धसका बसतो’ म्हणतो तो असा बसतो.

प्रतिसाद २
पण परीक्षेचा धसका मुलं पेपरच्या आधीच घेतात की!

प्रतिसाद १
बरोबर, ‘घेणे’ लावलं की पुढच्याचाही चालतो. म्हणून इथे ‘बसणे’च लावा.

प्रतिसाद ३
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तेही यातच येतं. १९२०मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. मूल पुढे सशालाही घाबरू लागलं. तान्ह्या जिवाला असं घाबरवणं क्रूरच होतं.

आणखी एक. इजा न होता तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकवला की भीती उतरते. पुस्तकात त्याला ‘विलोपन’ म्हणतात. मला तो शब्द चुकीचा वाटतो. जुनी जोडणी बहुतांशी तशीच राहते. कपाळामागचा मेंदूचा भाग तिला दाबून धरतो. जागा बदलली, काळ गेला, की भीती परत डोकं वर काढते. आपण ‘भीती चेपली’ म्हणतो. तेच वापरा.

मूळ प्रश्नकर्ती
‘विलोपन’ खोडलं, ‘चेपणे’ घेतलं. शीर्षक आता ‘धसका कसा बसतो’. आत्यांना नमस्कार सांगा.