मदत हवी आहे: लेखक भेटीला माणसं कशी जमवायची?

आमचा सोलापुरात लिहिणाऱ्यांचा छोटा गट आहे, अधूनमधून एखाद्या लेखकाला बोलावतो. गेल्या वेळी ६० खुर्च्या मांडल्या, माणसं आली ११. त्यातले तिघं पाहुण्यांचे मेहुणे! थर्मासातला उरलेला चहा वॉचमनला पाजला.

आता जानेवारीत एक कादंबरीकार बाई येताहेत. नेमका तेव्हाच सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे यात्रा, होम मैदानाकडं पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तिथलं हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह नको, आणि ११ जणांना ते शोभणारही नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात कुणी छोटा कार्यक्रम केलाय का? भाडं, माइक कसं असतं?

मानधनाचं आधीच बोलावं की निघताना पाकीट द्यावं? शालीऐवजी सोलापुरी चादर दिली तर चालेल ना?