सावंतवाडीत मुक्काम करायचा की सरळ वेंगुर्ला गाठायचं?

चितारआळी
कोणी विचारलं सावंतवाडीला काय बघायचं, की लगेच उत्तर येतं, तिथे काही नाही, सरळ वेंगुर्ल्याला जा. मला हे अजिबात पटत नाही. मोती तलावासमोरच राजवाडा आहे, आत गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. मी गेले तेव्हा एक ताई तळहातात मावेल अशा गोल पत्त्यावर मत्स्यावतार काढत होत्या, ब्रशला जेमतेम चार केस आणि माशाचा एकेक खवला वेगळा, मी पाऊण तास तिथून हललेच नाही. दशावतारी संचात 10 अवतार आणि प्रत्येकाचे 12, असे 120 पत्ते. ही कला पार बंद पडायला आली होती, इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती परत उभी केली. मग चितारआळीत लाकडी फळं, खेळणी बघा. एक दिवस तरी द्याच.

समुद्रवेडा
ताई, कला भारीच आहे, पण लांबून येणाऱ्याच्या हातात दोन दिवस असतात हो. पोरांना समुद्र पाहिजे, त्यांना राजवाड्यात किती वेळ बसवणार? आम्ही वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याला राहिलो, सकाळी वेळागरचा किनारा जवळपास रिकामा. येताना मिठागरं दाखवली, मिठाचे पांढरे ढीग बघून पोरगी विचारते, हे सगळं समुद्रातून आलं? 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता हे तिला तिथेच उभं राहून सांगितलं, पुस्तकातून सांगून असं डोक्यात बसत नाही. पुढे रेडीचा गणपती, तेरेखोलचा किल्ला. शहरात मुक्काम केला की हे सगळं घाईत उरकावं लागतं.

घाटमाथा
तुम्ही दोघं कुठल्या महिन्याबद्दल बोलताय ते आधी ठरवा. जुलैत समुद्र खवळलेला असतो, पोरांना पाण्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि मिठागरात तेव्हा मीठच नसतं. पावसात सावंतवाडीतच राहायचं आणि आंबोली करायची, घाट तासाभराचा. फक्त शनिवार-रविवार नको, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते.

समुद्रवेडा
पावसाळ्याचं मान्य. पण डिसेंबर ते मे मी समुद्राकाठीच राहणार.

चितारआळी
राहा की, पण जाताना तलावाकाठी गाडी थांबवून फोटो काढला आणि निघाले असं नको. आणि पोरांना गंजिफा कंटाळवाणी वाटेल असं धरून चालू नका. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी आणि रात्री कृष्णाचा, हे माझ्या भाच्याला सांगितलं तर तो रात्र व्हायची वाट बघत बसला होता.