चिप डिझाइन शिकवणारा खेळ : सीमॉस गाळावं का?

अंबाजोगाईकर
आठवी ते बारावीच्या लेकरांसाठी मोबाइलवर चालणारा मराठी खेळ बनवतोय. हिरवा पट्टा म्हणजे सिलिकॉनमधली करंटची वाट. लाल रेघ पॉलिसिलिकॉनची, म्हणजे वरच्या सिलिकॉनच्याच वेगळ्या थराची. लाल जिथं हिरव्याला ओलांडते तिथं ट्रान्झिस्टर होतो: लालवर १ (व्होल्टेज आहे) आला की वाट उघडते, ० (व्होल्टेज नाही) आला की बंद. निळ्या तारा धातूच्या.
मी फक्त एन-प्रकारचा ट्रान्झिस्टर ठेवतोय, आणि वर सप्लायला जोडलेला एक रेझिस्टर. नॉट गेटला (१ चा ०, ० चा १ करणारं) एक ट्रान्झिस्टर, नँडला (दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारं) एकाखाली एक असे दोन. सीमॉसची पी-एन जोडी, म्हणजे एनच्या सोबतीला त्याच्या उलट वागणारा, ० वर उघडणारा पी-ट्रान्झिस्टर, गाळलीय. तुमचं मत सांगा.

परभणीचा, सध्या पुण्यात
माझा विरोध आहे. आजच्या जवळपास सगळ्या डिजिटल चिप सीमॉस असतात. तुमच्या नॉट गेटचं आउटपुट ० असेल तोवर रेझिस्टरमधून ग्राउंडकडं करंट वाहतच राहणार. एका गेटला ते खपतं. लाखो गेट झाले की चिप भाजून निघेल. सीमॉसमध्ये वरचा पी उघडला की खालचा एन बंद, म्हणून गेट स्थिर असताना करंट नसल्यात जमा. एवढी मोलाची गोष्ट काहून गाळायची? नँडला चार ट्रान्झिस्टर लागतील, वर दोन समांतर, खाली दोन एकसर. लेकरांना जमतंय ते.

लातूरचे सर
मला दोघांचंही पटलं नाही. थर रंगवायचेच कशाला? डिझाइनर आज व्हेरिलॉग या सर्किट शब्दांत लिहायच्या भाषेत लिहितात, मांडणी बरीचशी सॉफ्टवेअरच करतं. नँड हातात द्या, त्यातून बाकी सगळे गेट बनतात, पुढं बेरीज करणारं सर्किट बनवू द्या. बारावीच्या पोरांना नीट-जेईईच्या धबडग्यात तेवढाच वेळ मिळतो.

अंबाजोगाईकर
सर, ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट याचा तक्ता) पोरं घडाघडा म्हणतात. आत काय घडतं विचारलं की गप्प. खेळात दोन गेट जोडायची एक पातळी आहे. मूल लाल रेघ सरळ ओढतं, मधे हिरवा पट्टा आडवा येतो आणि नको असलेला ट्रान्झिस्टर तयार होतो. दिवा लागत नाही. मग कॉन्टॅक्ट (दोन थर जोडणारा ठिपका) टाकून निळ्या थरावर चढायचं, पट्टा ओलांडायचा, पलीकडं उतरायचं. गेटच्या चिन्हांत ही अडचण कधी दिसणारच नाही, आणि माझ्या मते चिप समजायला सुरुवात तिथूनच होते.
परभणीकर, ६५०२ हा प्रोसेसर १९७५ चा. सुमारे ३,५०० ट्रान्झिस्टर, सगळे एन-प्रकारचे. रेझिस्टरचं काम त्यात कायम उघडा राहणारा ट्रान्झिस्टर करायचा. ॲपल २ त्याच्यावर चालला. म्हणजे मी शिकवतोय ती रीत जुनी आहे, खोटी नाही.

बीडची शिक्षिका, जि. प. शाळा
मी अंबाजोगाईकरांच्या बाजूनं. पी घेतला की त्याच्यासाठी वेगळी एन-वेल (सिलिकॉनमधला एन-प्रकारचा वेगळा भाग) आली, आणखी रंग आले. आमची मुलं घरच्यांचा फोन वापरतात. छोट्या स्क्रीनवर तीन रंगांच्या रेघा बोटानं ओढतानाच कस लागतो.

नांदेडहून, इंजिनिअरिंगला
शेवटच्या पातळ्यांत तापमानाचा काटा ठेवा की. गेट वाढतील तसा काटा चढेल, चिप बंद पडेल, आणि मगच पी-ट्रान्झिस्टर मिळेल. तो कशासाठी आला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

परभणीचा, सध्या पुण्यात
काट्याची कल्पना चांगली आहे, तरी शेवटी म्हणजे फार उशीर. बरीच मुलं तिथवर पोचणारच नाहीत. आणि वेळेचं काय? पॉलिसिलिकॉनचा रोध धातूपेक्षा कितीतरी जास्त, लांब लाल रेघेवर सिग्नल रेंगाळतो. खेळात तो क्षणात पोचला तर मूल सगळ्या तारा लालच ओढेल.

अंबाजोगाईकर
हे घेतो. लालवर सिग्नल सरपटताना दिसेल, निळ्यावर पळताना. काटा शेवटी न ठेवता मधल्या पातळ्यांत आणतो. पण पहिल्या पातळीत पी-एन जोडी येणार नाही. एक रेघ ओढली आणि करंट थांबला, एवढंच लेकराला आधी स्वतःच्या बोटानं करून बघू द्या.