टोकियोत आईला घेऊन फिरताना रेल्वेचा गुंता कसा सोडवावा?

निळाई

नमस्कार. एप्रिलमध्ये मी माझ्या ६८ वर्षांच्या आईला घेऊन सहा दिवसांसाठी टोकियोला जाणार आहे. आमचे विमान दुपारी हानेदा विमानतळावर उतरेल आणि मुक्काम असाकुसा भागात आहे. उएनोची संग्रहालये, मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान, शिबुयाचा चौक, शिंजुकूतील महानगर शासनाच्या इमारतीवरून दिसणारे शहर आणि ओदाइबा, एवढे पाहायचे ठरवले आहे. आईची प्रकृती एरवी चांगली आहे, परंतु गुडघ्यांमुळे तिला जिने उतरताना त्रास होतो. हा प्रवास तिने अनेक वर्षे मनाशी जपला आहे, त्यामुळे तिचे दिवस स्थानकांच्या भुयारांत वाट शोधण्यात जाऊ नयेत असे मला फार वाटते.

रेल्वेचा नकाशा मी आठवडाभर पाहते आहे, पण असाकुसा नावाचीच चार स्थानके कशी, हेही मला उमगलेले नाही. पास घ्यावा की पैसे भरून वापरायचे सुइका कार्ड घ्यावे, एका कार्डावर आम्हा दोघींना जाता येईल का, आणि आईला सोपे पडतील असे मार्ग कोणते, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

वाटसरू

निळाईताई, नमस्कार. नकाशा एकच छापलेला असला तरी त्यावरची रेल्वे एका संस्थेची नाही, हे आपल्या गोंधळाचे मूळ आहे. भुयारी रेल्वेच्या १३ मार्गांपैकी ९ टोकियो मेट्रोचे आहेत आणि ४ महानगर शासनाच्या तोएइचे. शहराभोवती फिरणारा हिरव्या रंगाचा यामानोते मार्ग जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा आहे, आणि यांखेरीज अनेक खासगी रेल्वे आहेत. एका संस्थेच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत गेलात की भाडे नव्याने सुरू होते. मेट्रो आणि तोएइ यांच्यात बदल केल्यास थोडी सवलत मिळते, एवढेच. असाकुसाची चार स्थानकेही अशीच चार संस्थांची आहेत: मेट्रोचा गिंझा मार्ग, तोएइचा असाकुसा मार्ग, तोबु रेल्वे आणि त्सुकुबा एक्स्प्रेस. पहिली तीन एकमेकांजवळ आहेत, चौथे मात्र त्यांच्यापासून सुमारे ६०० मीटर पश्चिमेला आहे. हॉटेलच्या पत्त्यात 'असाकुसा स्थानकाजवळ' असे लिहिलेले असेल, तर ते कोणते स्थानक हे आधी विचारून घ्यावे.

एका कार्डावर दोघींना जाता येणार नाही. कोणत्या स्थानकात आत शिरलात याची नोंद त्या कार्डात होते आणि बाहेर पडताना तिच्यावरूनच भाडे कापले जाते, म्हणून दोघींकडे स्वतंत्र कार्ड हवे. सुइकाने भाडे विशेष कमी होत नाही, पण प्रत्येक वेळी तक्त्यावर रक्कम शोधून तिकीट काढण्याचा त्रास वाचतो, आणि ते या सर्व संस्थांच्या गाड्यांत चालते. यंत्रातून कार्डात पैसे भरण्यासाठी रोख येन जवळ असू द्यावेत.

पासाबद्दल म्हणाल तर परदेशी पर्यटकांसाठी भुयारी रेल्वेचे २४, ४८ आणि ७२ तासांचे तिकीट मिळते आणि ते तेराही मार्गांवर चालते. ते कॅलेंडरच्या दिवसांवर नव्हे, तर पहिल्या वापरापासूनच्या तासांवर मोजले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरू केलेत, तर ७२ तासांचे तिकीट पाचव्या दिवशी सकाळी दहापर्यंत चालेल. देशभर फिरण्याचा जेआर पास मात्र केवळ शहरात राहणाऱ्याने घेऊ नये.

अबोली

मी काही वर्षे टोकियोत राहिले आहे आणि वयस्कर नातेवाइकांना तेथे फिरवले आहे, म्हणून फक्त गुडघ्यांच्या अंगाने लिहिते.

मार्ग ठरवताना गाडीपासून नव्हे, तर बाहेर पडण्याच्या दारापासून सुरुवात करावी. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत, आणि चुकीच्या दाराने वर आल्यास योग्य ठिकाणी पोहोचायला वीस मिनिटे सहज चालावे लागते. अनेक भुयारी स्थानकांत रस्त्यापर्यंत नेणारी लिफ्ट एखाद्याच दाराशी असते. फलाटावर उतरल्याबरोबर पिवळ्या पाटीवरचा दार-क्रमांक पाहावा आणि लिफ्टचे चिन्ह शोधूनच चालू लागावे, मग ती लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. घाईने जवळच्या जिन्याने वर गेलेल्या माणसाला पुष्कळदा पुन्हा खाली यावे लागते. स्थानकांची नावे लक्षात ठेवण्याची काळजी नको. प्रत्येक स्थानकाला मार्गाचे अक्षर आणि क्रमांक असतो. गिंझा मार्गावर शिबुया जी ०१ आहे आणि असाकुसा जी १९, त्यामुळे किती स्थानके उरली हे आईंनाही बसल्या जागी मोजता येईल.

आपला मुक्काम या दृष्टीने फार चांगल्या ठिकाणी आहे. गिंझा मार्ग १९२७ मध्ये सुरू झालेला, शहरातील सर्वांत जुना भुयारी मार्ग असून तो जमिनीखाली फार खोल नाही. असाकुसा हे त्याचे टोक असल्यामुळे गाडी तेथूनच सुटते आणि बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक. उएनो आणि शिबुया दोन्ही याच मार्गावर आहेत. शिंजुकूला जाताना आकासाका-मित्सुके येथे उतरून समोरच्याच फलाटावरची मारुनोउची मार्गाची गाडी घ्यावी. तेथे एक पायरीही चढावी लागत नाही. महानगर शासनाच्या इमारतीसाठी गजबजलेले शिंजुकू सोडून पुढच्या निशी-शिंजुकूला उतरावे आणि तेथून सावकाश चालावे. ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवरून शहर दिसते आणि त्यासाठी शुल्क नाही.

तोएइचा ओएदो मार्ग मात्र या प्रवासात टाळावा, जरी त्याचे तोचोमाए स्थानक त्या इमारतीच्या अगदी पायथ्याशी असले तरी. तो मार्ग नंतर बांधला गेला आणि जुन्या भुयारांच्या खालून न्यावा लागला, म्हणून त्याची स्थानके खोल आहेत. रोप्पोंगीचा फलाट तर जमिनीखाली ४२ मीटरवर आहे.

त्रिज्या

अबोलीताईंचे सर्व म्हणणे मान्य आहे, पण वाटसरूंनी सांगितलेल्या ७२ तासांच्या तिकिटाबाबत माझे मत वेगळे आहे. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसोबत दिवसात दोन-तीनच प्रवास होतात, आणि पास हातात असला की माणूस सोयीचा मार्ग सोडून पासाचा मार्ग धरतो. उएनोहून मेइजी जिंगूला जायचे झाले तर जेआरच्या यामानोते मार्गाने कोठेही गाडी न बदलता सुमारे अर्ध्या तासात हाराजुकूला उतरता येते, पण तो भुयारी पासात बसत नाही. ओदाइबाला शिम्बाशीहून जाणारी, चालकाविना धावणारी युरिकामोमे ही गाडीही त्यात येत नाही. थोडे येन जास्त गेले तरी चालतील, केवळ सुइका वापरा, असे मी आग्रहाने सांगेन.

मेइजी जिंगूच्या आवारात मुख्य वाट रुंद असली तरी खडीची आहे आणि मंदिरापर्यंत दहा मिनिटे तरी चालावे लागते, म्हणून त्या दिवशी दुसरे मोठे ठिकाण ठेवू नये. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत गाड्यांत अतिशय गर्दी असते; दहानंतर निघावे.

निळाई

सर्वांचे मनापासून आभार. त्रिज्या यांचे म्हणणे पटले, आम्ही दोन सुइका कार्डेच घेऊ. आता दोन शंका उरल्या आहेत. हानेदाहून असाकुसाला सामानासह गाडी न बदलता जाता येईल का? आणि रात्री उशीर झाला तर काय करावे?

वाटसरू

होय, हानेदाहून निघणाऱ्या केइक्यु रेल्वेच्या काही गाड्या तोएइच्या असाकुसा मार्गावर तशाच पुढे जातात, आणि त्यांतून सुमारे ४० मिनिटांत आपण असाकुसाला उतराल. गाडीच्या पाटीवर असाकुसा हे नाव मात्र बहुधा नसेल, कारण पाटी शेवटच्या स्थानकाचे नाव दाखवते. हानेदाहूनच काही गाड्या योकोहामाकडेही जातात, म्हणून चढण्यापूर्वी फलाटावरील कर्मचाऱ्याला 'असाकुसा?' एवढे विचारून घ्यावे.

रेल्वे रात्रभर चालत नाही. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात आणि पहिल्या पहाटे पाचच्या आसपास. टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत २० टक्के अधिक भाडे पडते. तिचे मागचे डावे दार चालक आतूनच उघडतो आणि मिटतो, ते हाताने ओढू नये.

अबोली

एक गोष्ट राहिली. कार्डातले पैसे कमी पडले तर बाहेर पडताना फाटक मिटते. आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत. फाटकाच्या आतल्या बाजूलाच भाडे भरून देण्याचे यंत्र असते, त्यात कार्ड घालून कमी पडलेले पैसे भरले की मार्ग मोकळा होतो.