पाच सामन्यांत नारळ: जेट्सची घाई आणि मेट्सचा धीर

क्वीन्सकर (१६ ऑक्टोबर २०२४)

'हिरवी जर्सी' यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले की न्यू यॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांना हंगामाच्या मध्यात काढले ते उत्तमच झाले, 'धीर धरा' हा सल्ला हरण्याची सवय लागलेली माणसेच देतात, आणि वूडी जॉन्सन यांनी इतक्या वर्षांत प्रथमच मालकाला शोभेल असे काही केले. ते वाचून मी स्वतःला आवरले होते. परंतु सोमवारी जेट्स बिल्सकडून २३–२० असे हरले, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीही दोन फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे तीन-तीन गुण) हुकले, आणि दुसऱ्या दिवशी झेल घेणारे नामांकित खेळाडू डाव्हान्टे अॅडम्स यांना आणल्याबद्दल पेढे वाटल्यासारखा आनंद येथे सुरू झाला, तेव्हा राहवेना.

८ ऑक्टोबरला सालेह यांना नारळ मिळाला तेव्हा जेट्सच्या नावावर २ विजय आणि ३ पराभव होते. त्यांतला एक पराभव डेन्व्हरविरुद्ध १०–९ असा, शेवटच्या मिनिटात ५० यार्डांवरून मारलेला फील्ड गोल बाहेर गेला म्हणून. दुसरा लंडनमध्ये व्हायकिंग्सविरुद्ध २३–१७, ज्यात आपले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे, अॅरन रॉजर्स यांनी तीन वेळा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला. सालेह यांचे खाते बचावाचे, आणि पॅट्रियट्सना ३ गुणांवर रोखणारा बचाव त्यांनीच उभा केलेला होता. छप्पर गळते म्हणून ज्याने भिंती चांगल्या बांधल्या त्या गवंड्याला हाकलण्याचा हा प्रकार आहे.

आता मेट्स या क्वीन्सच्या बेसबॉल संघाकडे पाहा. सुरुवातीचे पाचही सामने हरले. मेअखेरीस त्यांच्याच एका पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चिडून हातमोजा प्रेक्षकांत भिरकावला. २ जूनला हिशेब २४ विजय आणि ३५ पराभव असा होता, आणि कार्लोस मेंडोझा यांचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून हे पहिलेच वर्ष. त्या दिवसांत मी फ्लशिंगच्या गणपतीचे दर्शन घेऊन, तिथल्या उपाहारगृहात डोसा खाऊन, ७ नंबरच्या गाडीने एक स्थानक मागे येऊन सिटी फील्ड या मेट्सच्या मैदानावर बसत असे, आणि आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाय पसरून सामना पाहता येई. मेंडोझा यांना कोणी काढले नाही. संघ ८९–७३ वर पोहोचला, पीट अलोन्सो यांनी मिलवॉकीत नवव्या इनिंगला होम रन मारून हरलेली मालिका परत आणली, पुढच्या फेरीत फिलाडेल्फियाचे फिलीज घरी गेले, आणि आज डॉजर्सशी १–१ अशी बरोबरी आहे. धीर कशाला म्हणतात, ते जेट्सच्या मालकांनी नदी ओलांडून येऊन पाहावे.

हिरवी जर्सी

क्वीन्सकर, तुमचे लिखाण ओघवते असते, त्यामुळे त्यातला हिशेब कोणी तपासत नाही. आज मी तपासतो.

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा आणि फुटबॉलचा १७ सामन्यांचा, म्हणजे आमचा एक सामना तुमच्या साडेनऊ सामन्यांएवढा भरतो. सालेह यांचे पाच सामने म्हणजे बेसबॉलचे सुमारे ४८. फिलाडेल्फियाने २०२२ मध्ये २२–२९ अशा स्थितीत, म्हणजे ५१ सामन्यांनंतर, मॅनेजर जो जिरार्डी यांना काढले, रॉब थॉमसन यांना बसवले, आणि तोच संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेपर्यंत, गेला. २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने १६–२२ असताना मॅनेजर बदलला, ७२ वर्षांचे जॅक मॅककिऑन आले, आणि त्यांनी यँकीजना हरवून विजेतेपद नेले. यालाही तुम्ही घाईच म्हणणार का?

आणि मेट्सचा धीर! मेंडोझा यांच्या आधीचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी २०२२ मध्ये १०१ सामने जिंकून दिले होते. पुढच्या वर्षी ७५–८७ झाले आणि त्यांना निरोप मिळाला. मेंडोझा यांना मिळालेली खुर्ची तशीच रिकामी झालेली होती, हे तुम्ही सोयीने विसरलात. ज्या मालकाने ३० कोटी डॉलरांहून अधिक पगार वाटले त्याच्या धीराचे कौतुक कसले? आमच्या लीगमध्ये यंदा प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलरांची पक्की मर्यादा आहे. तिथे चूक पैशाने झाकता येत नाही.

सालेह यांचा एकूण हिशेब २० विजय आणि ३६ पराभव असा आहे. तो पाच सामन्यांचा नव्हे, छप्पन्न सामन्यांचा आहे. ११ सप्टेंबर २०२३ ला मी मैदानात होतो. रॉजर्स झेंडा घेऊन धावत आले, आणि चौथ्याच खेळीला टाच धरून खाली बसले. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि तिच्या जन्मापासून जेट्स एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेलेले नाहीत. त्या रात्री पार्किंगमध्ये तिने विचारले, "बाबा, आपण पुन्हा हरलो का?" खरे म्हणजे तो सामना आपण जिंकलो होतो. तिला ते खरेच वाटेना.

तिसरा पंच

मूळ प्रश्नावर मला मत नाही. माझा आक्षेप 'आपण' या शब्दावर आहे, आणि तो मी पूर्वीही नोंदवला आहे.

मराठीने 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द दिले आहेत, आणि दुसऱ्यात ऐकणारा आपोआप ओढला जातो. 'आपण जिंकलो' असे हिरवी जर्सी लिहितात तेव्हा ते मलाही त्या संघात भरती करतात, आणि मी तर अर्जही केलेला नाही. खेळाडू करारावर येतात आणि करार संपला की जातात. अॅडम्स परवापर्यंत लास व्हेगासचे होते. मालकाने संघ विकला तर तुम्हाला पत्रही येणार नाही. 'ते जिंकले, मला आनंद झाला' असे वाक्य मराठीत उपलब्ध आहे, आणि ते वापरल्याने कोणाचा कमीपणा होत नाही.

हिरवी जर्सी

पंचसाहेब, तेरा वर्षांच्या मुलीला पार्किंगमध्ये व्याकरण शिकवण्याएवढे माझे काळीज घट्ट नाही. आपले असल्यास अभिनंदन.

नासाऊची रहिवासी

पंचांचे म्हणणे मला अर्धे पटते, आणि का पटते ते सांगते. १२ जूनला सकाळी साडेदहाला आयझेनहॉवर पार्कमध्ये भारत आणि अमेरिका यांचा टी-ट्वेंटी विश्वचषकातला सामना होता, आणि आम्ही चौघे गेलो होतो. सौरभ नेत्रावळकर यांनी विराट कोहली यांना पहिल्याच चेंडूवर बाद केले, त्यानंतर रोहित शर्मा यांना. मुंबईत वाढलेला मुलगा, अमेरिकेच्या पोशाखात. माझा मुलगा उभा राहून "वुई गॉट हिम" असे ओरडला; माझ्या सासूबाईंनी, ज्यांना क्रिकेटचे प्रेम आणि नेत्रावळकर आडनावाचा अभिमान दोन्ही आहे, आधी टाळी वाजवली आणि मग तोंडावर हात ठेवला. भारत सात गडी राखून जिंकला. परतताना गाडीत 'आपण' जिंकलो की हरलो यावर जो वाद झाला तो दिवाळी आली तरी संपलेला नाही.

योगायोग असा की त्याच संध्याकाळी सिटी फील्डवर मॅकडोनाल्ड्सच्या त्या जांभळ्या बाहुल्याने, ग्रिमेसने, सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकला आणि मेट्सने पाठोपाठ सात सामने जिंकले. क्वीन्सकर ज्याला मेंडोझा यांच्यावरचा विश्वास म्हणतात, त्याला माझा मुलगा ग्रिमेसची कृपा म्हणतो. पुरावा दोघांकडेही सारखाच आहे.

हिशेबनीस

या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. न्यू जर्सी राज्यानेच लढून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून खेळांवरील सट्ट्याचा मार्ग मोकळा करून घेतला, आणि तेव्हापासून प्रत्येक विश्रांतीत आपल्याला पैज लावण्याचे आमंत्रण मिळते. माझ्या कार्यालयातला एक तरुण डेन्व्हरच्या सामन्यात फील्ड गोल हुकल्यावर रडला. मला वाटले निष्ठावंत आहे, नंतर कळले की तो रडला ते पैशासाठी. सालेह यांना काढा किंवा ठेवा, सामना कोण पाहतो आणि कशासाठी पाहतो, हाच प्रश्न बदलला आहे.

क्वीन्सकर

हिशेबनीस, विषय जेट्सचा असो, पावसाचा असो किंवा उकडीच्या मोदकांचा असो, तुम्ही सट्ट्यावर येता. वेगळा धागा काढा, मी वाचीन.

हिरवी जर्सी यांना उत्तर देतो. शोवॉल्टर यांच्याबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे. ते मला आठवत होते आणि मी लिहिले नाही, एवढी कबुली पुरेशी समजावी. परंतु तुमचेच त्रैराशिक पुढे चालवू. २०१९ मध्ये वॉशिंग्टनचा बेसबॉल संघ १९–३१ होता, म्हणजे तुमच्या भाषेत पाच सामने झाले होते. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, असा गावभर ओरडा होता. त्यांना काढले नाही, आणि ऑक्टोबरअखेर चषक त्यांच्याच हातात होता. मेट्सने वाट पाहिलेले ५९ सामने म्हणजे फुटबॉलचे सहा. म्हणजे जेट्सना आणखी एक आठवडाही थांबवेना.

शिवाय तुम्ही उदाहरणे दिलीत ती दोन्ही बेसबॉलची. तिथे मॅनेजर बदलला तरी पिचर तसाच पिच करतो. फुटबॉलमध्ये खेळींची वही, संकेत, सराव, सारे प्रशिक्षकाभोवती बांधलेले असते. ते ऑक्टोबरमध्ये उपटून नोव्हेंबरमध्ये फळ मागणे हे शेतीत चालत नाही आणि इथेही चालणार नाही.

हिरवी जर्सी (१८ ऑक्टोबर)

परवा आणि काल सिटी फील्डवर मेट्स ८–० आणि १०–२ असे हरले असे ऐकतो. धीर धरा, क्वीन्सकर. शेतीत असे होते.

शे स्टेडियमचा साक्षीदार

मी या देशात १९७९ मध्ये आलो, आणि तुम्हा दोघांचे संघ तेव्हा एकाच घरात राहत होते. शे स्टेडियमवर मेट्सचा हंगाम आटोपेपर्यंत जेट्सना घरचे मोजकेच सामने मिळत; तसा सामना मिळाला की अर्ध्या मैदानावर बेसबॉलची उघडी माती असे आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात चेंडू भरकटत असे. माझ्या एका पंजाबी सहकाऱ्याकडे जेट्सची दोन तिकिटे असत. डिसेंबरात आम्ही दोघे वर्तमानपत्रे कोटाच्या आत खुपसून बसत असू, आणि १९६९ च्या जानेवारीत जेट्सच्या जो नेमथ यांनी विजयाची हमी देऊन बाल्टिमोरला १६–७ असे कसे हरवले, ते शेजारचा म्हातारा दर रविवारी नव्याने सांगत असे. जेट्सचे ते एकमेव विजेतेपद. तेव्हा अकरा वर्षांचे जुने होते, आता पंचावन्न वर्षांचे झाले.

१९८३ चा हंगाम संपला आणि जेट्स नदीपलीकडे न्यू जर्सीत गेले. नावात न्यू यॉर्क तसेच ठेवले. आम्हाला कोणी विचारले नाही. तेव्हा पंचांनी 'आपण' या शब्दावर घेतलेला आक्षेप मला चाळीस वर्षांपूर्वीच कळायला हवा होता, परंतु त्या वर्षानंतरही मी रविवारी मित्राला फोन करून "आपले काय झाले" असेच विचारत राहिलो. तो मित्र गेल्या वर्षी गेला. पंच, त्याच्या बाबतीत 'आपण' हा शब्द चुकीचा होता असे तुम्ही म्हणालात तर मात्र मी भांडेन.

तिसरा पंच

काका, तसे मी म्हणणार नाही. तो 'आपण' तुम्हा दोघांचा होता, संघाचा नव्हता. माझ्या नियमात तो बसतो. हिरवी जर्सी यांचा बसत नाही.

हिरवी जर्सी

माझा पार्किंगमधला 'आपण'सुद्धा दोघांचाच होता, पंचसाहेब. पुन्हा वाचा.

तिसरा पंच

वाचले. मुलीचा मान्य. तुमचा, खालच्या ओळीतला, अजूनही अमान्य.

क्वीन्सकर (२१ ऑक्टोबर)

काल रात्री मी दोन पडदे लावून बसलो होतो. एकावर मेट्स लॉस एंजेलिसमध्ये १०–५ असे हरले आणि त्यांचा हंगाम संपला. दुसऱ्यावर जेट्स पिट्सबर्गमध्ये १५–६ असे पुढे होते. त्यानंतर स्टीलर्सनी लागोपाठ ३१ गुण केले आणि शेवट ३७–१५ असा झाला. अॅडम्स यांनी तीन झेल घेतले. नव्या प्रशिक्षकाचे दोन सामने, दोन पराभव. मी जिंकलो असे म्हणण्याची इच्छा होती, परंतु पहिल्या पडद्याकडे पाहून ती राहिली नाही.

ब्रॉन्क्सचा जावई

शुक्रवारपासून वर्ल्ड सिरीज सुरू होत आहे. आम्ही, म्हणजे यँकीज, तिथे आहोत. पंचांनी कृपया नोंद घ्यावी की मी 'आम्ही' हा शब्द पूर्ण विचार करून वापरला आहे.

हिरवी जर्सी

जावईबापू, तुमची पाळी येईल.

क्वीन्सकर, सालेह यांना काढणे योग्यच होते, हे माझे मत कायम आहे. त्यांच्या जागी कोण येणार याचा विचार मालकांनी केला नव्हता, एवढे तुमच्या समाधानासाठी लिहून देतो. ते पाच सामन्यांवर ठरवायला नको होते, हे मात्र लिहून देणार नाही. पुढच्या रविवारी दुपारी एक वाजता न्यू इंग्लंडमध्ये पॅट्रियट्सशी सामना आहे. ते १–६ आहेत, आणि सप्टेंबरात त्यांना २४–३ असे हरवले होते. मुलीने जर्सी आताच धुवायला टाकली आहे. तिथेही हरलो, तर पंचांच्या इच्छेप्रमाणे 'ते हरले' असे मी स्वतः येथे येऊन लिहीन.