किनाऱ्यावरच्या गावांना ‘आता पुरे’ म्हणायचा अधिकार हवा की नको?

किनारवाट

किनारपट्टीच्या पर्यटन आराखड्यांचा क्रम जणू ठरलेलाच असतो. आधी रस्ता आणि विमानतळ, मग हॉटेलांची जमीन, आणि अगदी शेवटच्या प्रकरणात ‘स्थानिकांचा सहभाग’. हा क्रम मुळापासून उलटा करावा, असं मला ठामपणे वाटतं. सुरुवात गोड्या पाण्याच्या हिशेबाने व्हावी. मग होड्या ओढायच्या, जाळी वाळवायच्या जागा नकाशावर कायमच्या राखून ठेवाव्यात. उरलेल्यात किती पाहुणे मावतात ते नंतर बघावं, आणि तो आकडा वाढवायचा की तिथेच थांबायचं याचा शेवटचा शब्द गावाचा असावा.

पाणी आधी का, तर किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोन्हींच्या घनतेत थोडाच फरक आहे. त्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर सपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे उपसा करून ही पातळी अर्धा मीटर उतरवली, तर कालांतराने खारं पाणी खालून २० मीटर वर चढू शकतं. तरणतलाव आणि हिरवळीसाठी बोअर मारणाऱ्याला हे गणित दिसत नाही. विहिरी खारावल्या की तो टँकर मागवतो. गावाला टँकर रोज परवडत नाही.

मेक्सिकोतली दोन ठिकाणं बघा. कानकुन १९७०च्या दशकात सरकारने जवळपास निर्जन वाळूच्या पट्ट्यावर आखून उभं केलं आणि वाळूच्या टेकड्यांवर हॉटेलं चढवली. २००५ साली विल्मा वादळाने किनारा खरवडून नेला. त्यानंतर समुद्रातली वाळू उपसून तो भरावा लागला, काही वर्षांतच पुन्हा भरावा लागला. दुसरं काबो पुल्मो. तिथल्या मासेमार कुटुंबांनी स्वतः पुढाकार घेतला, १९९५ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं, आणि पुढे त्यांनी आपल्या पाण्यातली मासेमारी थांबवली. १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. आज डायव्हिंगला येणाऱ्यांवर ते गाव जगतं. शेजारी येऊ घातलेला प्रचंड हॉटेल प्रकल्प विरोधामुळे २०१२ मध्ये रद्द झाला.

उधाण

साफ असहमत. काबो पुल्मो ही मूठभर घरांची वस्ती आहे. कानकुनमध्ये लाखो लोक राहतात, त्यातले बरेच जण मेक्सिकोच्या गरीब भागांतून पोट भरायला आले. त्यांना काय सांगणार, तुम्ही यायलाच नको होतं?

दुसरं म्हणजे, ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण? किनाऱ्याला लागून ज्यांची जमीन आहे ते? ज्यांच्या नावावर होडी आहे ते? की त्यांच्या होडीवर हिश्श्याने राबणारे खलाशी, मासळी विकणाऱ्या बाया, शिकून बाहेर पडलेली मुलं? ‘आता पुरे’ सगळ्यात आधी तोच म्हणेल ज्याच्या चार खोल्या भाड्याने जायला लागल्या आहेत. मागून येणाऱ्या शेजाऱ्यासाठी दार बंद. आपण परंपरा जपली म्हणून खूश व्हायचं, आणि ज्याच्या वाट्याला परंपरेतून फक्त कर्ज आलं त्याला कुणी विचारायचंही नाही.

शीडकाठी

उधाणच्या पहिल्या मुद्द्याशी नाही, पण दुसऱ्याशी सहमत आहे. माझ्या मते मर्यादा हवीच, फक्त ती गावाने ठरवू नये. थायलंडच्या माया खाडीत दिवसाला ५,००० पर्यंत माणसं उतरायची. जून २०१८ मध्ये ती बंद केली, जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता होड्या खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूच्या धक्क्याला लागतात. एका वेळी ३७५ जण, आणि वर्षातून दोन महिने पूर्ण बंद. प्रवाळ पुन्हा लावले, शार्क परतले. हा निर्णय उद्यान खात्याने शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने घेतला. होडीवाल्यांना विचारलं असतं तर कधीच झाला नसता.

नकाशाकार

माया खाडीत गाव नव्हतं, शीडकाठी. म्हणून ते सोपं गेलं. जिथे माणसं राहतात तिथे सरकार काय करतं ते बोराकायला दिसलं. फिलिपिन्समधलं जेमतेम १० चौरस किलोमीटरचं बेट. वर्षानुवर्षं सांडपाण्याचे नळ समुद्रात सुटत होते आणि परवाने निघत होते. मग एप्रिल २०१८ मध्ये सगळं बेट सहा महिने बंद. हजारो वेटर, होडीवाले, सफाई कामगार घरी बसले. एका वेळी १९,२१५ पर्यटक ही मर्यादा त्यानंतर आली. सांडपाण्याची सोय आधी आणि हॉटेलांच्या खाटांचा परवाना नंतर, एवढं पहिल्यापासून पाळलं असतं तर बेटाला कुलूप लावायची वेळ आली नसती.

आणि किनारवाट, ‘नकाशावर राखून ठेवा’ इतकं मोघम लिहून भागणार नाही. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर सुरक्षिततेच्या कारणाने किनाऱ्यालगत १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घरं पुन्हा बांधायला मनाई झाली. मासेमारांना आत हलवायचं ठरलं, हॉटेलांना मात्र सवलत. मासेमार पिढ्यान्‌पिढ्या ती जागा वापरत होते, पण बहुतेकांकडे कागद नव्हता. म्हणून होड्या लावायच्या जागेवर सामूहिक मालकीची लेखी नोंद हवी, विकता न येणारी. रंगवलेला पट्टा पुढचा आराखडा पुसून टाकतो.

उधाण

नोंदीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण मर्यादेची किंमत कोण भरतं तेही बोला. इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या जुन्या मासेमारी गावात २०१६ साली सार्वमत झालं. नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच, सुट्टीतल्या घरासाठी नाही, या नियमाला ८३ टक्के मतं पडली. गावानेच ठरवलं ना? मग झालं असं की नवी घरं बांधण्यातला बिल्डरांचा रस कमी झाला आणि बाहेरचा पैसा जुन्या घरांकडे वळला. घर शोधणारं तिथलं तरुण जोडपं होतं तिथेच राहिलं.

किनारवाट

सेंट आइव्हजने फक्त नव्या घरांना हात लावला, जुनी मोकळी सोडली. पाण्याला अर्धा बांध घातला तर ते उरलेल्या बाजूने जाणारच. त्यावरून नियम अपुरा होता एवढंच दिसतं, गावाला ठरवता येत नाही असं दिसत नाही.

‘गाव कोण’ हा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. तिथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत, जमीन असो वा नसो. खलाशी, मासळी विकणाऱ्या बाया, भाडेकरू, सगळे. फिलिपिन्सचंच अपो बेट घ्या. १९८२ पासून मासेमारांनी, सिलिमन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने, थोडा भाग मासेमारीला बंद ठेवला आणि राखण स्वतः केली. म्हणजे शास्त्र आणि गाव एकत्र बसू शकतात, शीडकाठी. १९९४ मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, कारभार वरच्या मंडळाकडे गेला, आणि पाहुण्यांच्या शुल्कातला गावाचा वाटा हातात यायला वेळ लागू लागला. गावकऱ्यांची नाराजी त्या दिरंगाईवर आणि अधिकार गेल्यावर होती.

जाळी टिकवायचा माझा आग्रह निव्वळ जिव्हाळ्याचा नाही. २०१९ मध्ये जगात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, २०२० मध्ये ४० कोटींच्या आसपास. फक्त खोल्यांवर जगणाऱ्या घरात त्या वर्षी काहीच आलं नाही. जिथे होडी अजून पाण्यात जात होती तिथे निदान चूल पेटली.

शीडकाठी

मग अधिकार वाटून घ्या. वरची मर्यादा शास्त्रज्ञांनी पाणी, सांडपाणी आणि प्रवाळ बघून ठरवावी. तिच्या आत किती घ्यायचं ते गावाने. गावाला आकडा खाली आणता यावा, मर्यादेच्या वर नेता येऊ नये.

नकाशाकार

हे कागदावर उतरवता येईल. त्यात एक अट घाला: नव्या खाटांचा परवाना विहिरींच्या क्षारतेशी बांधलेला असावा. दर महिन्याला नोंद, आकडे चावडीवर लावलेले. क्षारता ठरलेल्या रेषेपलीकडे गेली की परवाने आपोआप थांबतील, कुणाच्या सहीची वाट न बघता. खर्च मुक्कामाच्या करातून काढता येतो. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर २०१६ पासून असा कर आहे आणि तो पैसा पर्यावरणाच्या कामांनाही जातो.

उधाण

क्षारतेची अट मान्य, आणि ती नोंद ठेवायचं पगारी काम गावातल्या मुलांनाच द्या. पण आकडा खाली आणायचा अधिकार म्हणजे नकाराधिकारच, आणि तो मला अजूनही पटत नाही. ज्याला आज मत आहे तो उद्या येणाऱ्याचं दार लावणार. निदान इतकं लिहा की मर्यादेच्या आतल्या नव्या परवान्यांतला ठरावीक हिस्सा जमीन नसलेल्या घरांना आधी मिळेल, आणि तो मतदानाने रद्द करता येणार नाही. ते आराखड्यात असेल तर मी पुढे बोलायला तयार आहे.