युद्धपटात जवान मेलाच पाहिजे का?

खासबागकर: 'युद्धपट बघून ज्याचं रक्त सळसळत नाही त्यानं देशभक्ती शिकवू नये,' असं काल एका शहाण्यानं इथं टाकलंय. डोकं फिरलं, म्हणून लांबड लावतोय. 'बॉर्डर'मधला सुनील शेट्टीचा भैरोसिंग मरतो, आख्खं थेटर हुंदके देतं. खरे भैरोसिंग राठोड लोंगेवालातनं, म्हणजे ७१ च्या पाकिस्तान युद्धातल्या राजस्थान सीमेवरच्या त्या लढाईतनं, जिवंत परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपुरात वारले. अक्षय खन्नाचा धर्मवीरही पडद्यावर गेला, खरा जगला. त्या लढाईत आपले दोन जवान गेले. सिनेमात किती पाडलेत ते मोजा. शंभर-सव्वाशे माणसांनी रात्रभर रणगाडे अडवले, उजाडल्यावर आपली हंटर विमानं आली. एवढं पुरत नव्हतं? जिवंत परतलेला जवान ह्यांना चालतच नाही.

शिरोळचा फौजी: आकडे घेऊन बसा तुम्ही. आमचे चुलते ७१ ला पूर्वेकडं होते. 'बॉर्डर' लागल्यावर गावातल्या माजी सैनिकांना ट्रॅक्टरात घालून कोल्हापूरला नेलं होतं. जवानांना घरची पत्रं येतात त्या गाण्याला चुलत्यांनी टोपी तोंडावर ओढली. त्यांना रडवणारा सिनेमा खोटा कसा हो?

खासबागकर: आणि लढाईच्या वेळी?

शिरोळचा फौजी: पेंगले. वय झालं होतं.

खासबागकर: मग माझंच म्हणणं झालं की!

पट्टेकरी: ते राहू द्या, ऐतिहासिक सिनेमातला दांडपट्टा बघितला का कुणी? मनगट गरागरा फिरवतात! अरे, पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपराजवळपर्यंत जातो, मनगट वळणार कुठनं? खांदा आणि पाय फिरतात. आमच्या पेठेत शेंबडं पोर पण सांगेल.

शिरोळचा फौजी: इथं रणगाड्यांचं चाललंय, तुझा पट्टा कुठनं आला मधेच?

पट्टेकरी: विषय तोच आहे. एका वारात सात मुंडकी, रक्ताचा फवारा स्लो मोशनमध्ये, वर ढोल. वार कसा बसतो ते माहीत नसलेल्यांनीच हे मांडलेलं असतं.

राधानगरीची सून: आणि मुंडकी कुणाची? डोळ्यात सुरमा घातलेल्यांची. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना पाठ. तो वेढा फोडायला महाराजांच्या बाजूनं नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आला होता, तो कुठाय? महाराजांच्या पायदळाचा सरनोबत, म्हणजे सेनापती, नूरखान बेग?

शिरोळचा फौजी: आल्या मास्तरीणबाई! प्रत्येक सिनेमात हजेरीपट घ्यायचा का आता?

राधानगरीची सून: घ्या की. पन्हाळ्यावर पोरांना घेऊन गेले, माझ्या वर्गातल्या मुल्लाच्या पोराला बाकीच्यांनी 'तू जौहर हो' म्हणून ढकललं. सहावीतली पोरं. कुठनं शिकली?

पट्टेकरी: पुस्तकातनं नक्कीच नाही.

शिरोळचा फौजी: पोराचं वाईट झालं, हे खरं. म्हणून जवानांवरचे सिनेमे बंद करायचे?

खासबागकर: बंद कोण म्हणालं? १९६४ ला 'हकीकत' आला, ६२ च्या पराभवावर. आज हरलेल्या लढाईवर पैसे लावणारा दाखवा.

शिरोळचा फौजी: बरं बाबा, तुम्ही शहाणे. हिलालचंही मान्य, झालं समाधान? सिनेमा काढलाच कुणी, तर तिकीट काढून जाणार किती जण ते सांगा.

पट्टेकरी: पट्टा नीट फिरवला तर मी येतो.